थंडीतलं पोटभरीचं सूप : कडधान्यं, भाज्या, धान्यं आणि माझा न शिजलेला राजमा

द्राक्षवेल | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. निफाडजवळ राहते, त्यामुळे थंडीबद्दल वेगळं सांगायला नको. पारा एक आकडी झालाय आणि पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतायत.

मुद्दा असा. सासऱ्यांना महिन्यापूर्वी कवळी बसवली. भाकरी चावता येत नाही, आणि रोज रात्री मऊ भात नाहीतर खिचडी खाऊन ते वैतागलेत. म्हटलं, पोट भरेल असं गरमागरम सूप करावं. हॉटेलात जेवणाआधी वाटीभर देतात ते कॉर्नफ्लोअरचं पाणी नको. कडधान्य, भाज्या, एखादं धान्य असं सगळं एकाच भांड्यात, की त्यावर दुसरं काही लागू नये.

शनिवारी हौसेने राजमा आणि बार्ली आणली. वाटीभर राजमा रात्रभर भिजवला. सकाळी कुकरमध्येच कांदा-लसूण परतलं, चार टोमॅटो, गाजर, फरसबी टाकली, त्यावर राजमा, अर्धी वाटी बार्ली, तांब्याभर पाणी, ५ शिट्ट्या. झाकण उघडलं तर गाजराचं पीठ, बार्लीचा लगदा आणि राजमा खडा! परत ४ शिट्ट्या दिल्या, तरी तसाच. मी एक दाणा चावून बघितला आणि बाकीचे वेचून फ्रीजमध्ये ठेवले. उरलेलं दुसऱ्या दिवशी इतकं घट्ट झालं की थापून वड्या पडल्या असत्या.

मामंजी चव बघून म्हणाले, "बाई, आमटी बिघडली म्हणून तिला सूप म्हणायचं नसतं."

तर काय चुकलं ते सांगा. तुमच्याकडच्या पाककृतीही (पाकृ) द्या. नणंदेने अमेरिकेहून आणलेला स्लो कुकर माळ्यावर पडून आहे, त्यात राजमा दिवसभर ठेवला तर मऊ होईल का?

कुकरची शिट्टी | सोमवार, रात्री ९:४०

स्लो कुकरमध्ये राजमा अजिबात नको! आणि अमेरिकेचं यंत्र १२० व्होल्टचं असतं, आपल्या प्लगमध्ये थेट लावलंत तर राजम्याआधी तेच शिजेल. :)

बाकीचं सवडीने लिहिते, पोरांचा अभ्यास चाललाय.

मुद्द्याचं बोला | सोमवार, रात्री १०:०५

मूळ प्रश्न असा की हे सूप आहे की आमटी? डाळ किंवा कडधान्य, भाजी, फोडणी, पाणी. आपण हजार वर्षं हेच खातोय. नाव इंग्रजी ठेवलं की धागा निघतो.

डबल बी | सोमवार, रात्री १०:१८

मुद्द्याचं बोला, आमटी कशात तरी कालवायला असते. भात किंवा भाकरी नसेल तर आमटी एकटी पडते. धागाकर्तीला जे हवंय ते वाडग्यात घेऊन चमच्याने खायचं, आणि त्यात धान्यही आलं पाहिजे. मला हा फरक पुरेसा वाटतो.

आता राजमा. एक नाही, बहुतेक तीन आरोपी आहेत.

टोमॅटो पहिला. आंबटात कडधान्य शिजत नाही, कारण दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात विरघळायला तयार नसतं. टोमॅटो, चिंच, आमसूल, ताक काहीही असो, कडधान्य पूर्ण मऊ झाल्याशिवाय घालायचं नाही. आपल्या आया आमटीत चिंचेचा कोळ डाळ शिजल्यावरच घालतात, ते उगाच नाही.

दुसरा आरोपी पाणी. मळ्यात राहता म्हणजे बोअरचं पाणी वापरत असणार. ते जड असेल तर त्यातलं कॅल्शियम त्याच पेक्टिनला आणखी घट्ट करतं. प्यायचं फिल्टरचं पाणी घेऊन बघा.

तिसरा, राजमा किती जुना होता? गरम, दमट जागी वर्ष-दोन वर्षं पडलेलं कडधान्य म्हातारं होतं. ते भिजून फुगतं, पण शिजत नाही. त्याच्यापुढे कुकरही हात टेकतो.

द्राक्षवेल | सोमवार, रात्री १०:३१

बाप रे! पाणी बोअरचंच. आणि राजमा गावातल्या दुकानातून आणला, जिथे माझ्याआधी तो कुणी मागितला असेल असं वाटत नाही. दुकानदाराने पुडा फुंकर मारून दिला होता.

कुकरची शिट्टी | सोमवार, रात्री ११:०२

हं, आले. स्लो कुकरला नाही का म्हणाले ते सांगते. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. खळखळ उकळल्यावर ते नष्ट होतं, पण ८० अंशांच्या आसपास नुसतं गरम ठेवलं तर उलट वाढू शकतं, आणि मंद आचेच्या भांड्यात नेमकं तेच होतं. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाचा सल्ला असा आहे : निदान ५ तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात ३० मिनिटं खळखळ उकळा. त्यानंतर कुठल्याही भांड्यात घाला. पांढऱ्या राजम्यात हे द्रव्य कमी असतं, तरी तोच नियम पाळावा.

आपल्या शिट्टीच्या कुकरमध्ये तापमान ११५-१२० अंशांपर्यंत जातं, म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या राजमा-चावल खाऊन सुखरूप आहोत.

शंकेखोर | मंगळवार, सकाळी ७:५५

"पिढ्यान्‌पिढ्या" कुकर कुठे होता?

कुकरची शिट्टी | मंगळवार, सकाळी ८:१०

बरं, दोन-तीन पिढ्या. सकाळी सकाळी तुम्हीच!

फौजी आजोबा | मंगळवार, सकाळी ९:२०

कुकरवरून आठवलं. नोकरीत असताना लेहला होतो. उंची साधारण ३५०० मीटर, तिथे पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं. डाळ पातेल्यात तासन्‌तास नाचते, पण शिजत नाही. लंगरमध्ये कुकर बंद पडला तर जवान आचाऱ्यापेक्षा कुकरची जास्त विचारपूस करायचे.

लडाखी घरांत थंडीत स्क्यू नावाचा पदार्थ करतात. कणकेच्या अंगठ्याने दाबलेल्या चकत्या, मुळा, बटाटा, गाजर, असेल तर मांस, सगळं एका पातेल्यात रटरटत ठेवतात. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी आपसूक म्हणालो, "ही तर आमची वरणफळं!" यजमानीणबाईंना मराठी येत नव्हतं, तरी त्या हसल्या.

सूनबाईंना सुचवणं एवढंच की तुमच्या सासऱ्यांना वरणफळं करून द्या. तुरीच्या डाळीत लाल भोपळा आणि मेथी घाला, फळं छोटी आणि पातळ लाटा. कवळीला सोयीचं आणि अनोळखीही नाही. आमच्या वयात नवं नाव आलं की आधी कपाळाला आठी पडते, चव नंतर बघतो.

कोकणी हिसका | मंगळवार, दुपारी १:१५

राजमा-बिजमा कशाला गो बाय? कुळीथ असताना!

कुळथाचं कळण घ्या. वाटीभर कुळीथ धुऊन रात्रभर भिजवायचे, ते पाणी टाकून सहा वाट्या नव्या पाण्यात कुकरला लावायचे. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग बारीक आचेवर २५ मिनिटं. वरचं तपकिरी पाणी गाळून घ्यायचं, ते कळण. दाण्यांची दुपारी उसळ. एका शिजवणीत दोन वेळची सोय झाली. दोन डाव दाणे वाटून कळणात परत सोडायचे, म्हणजे अंगाला दाटपणा येतो. आलं, मिरची, दोन आमसुलं, उकळी आली की आच कमी करून नारळाचं दूध, आणि वरून तुपात लालसर झालेल्या ठेचलेल्या लसणीची चरचरीत फोडणी. नारळाचं दूध घातल्यावर खळखळ उकळलंत तर फुटेल, मग मला बोलायचं नाही.

पोटभरीचं करायचं तर त्यात उकड्या तांदळाचा मऊ भात दोन डाव सोडा. लहानपणी ताप उतरला की आजी हेच द्यायची. मला ताप येऊन गेल्याचं दुःख कधी झालं नाही.

आजोळ जुन्नर | मंगळवार, दुपारी २:४०

कोकणी हिसका, तुमचे कुळीथ ते आमचे हुलगे. धान्य एकच, पण घाट चढून वर आलं की त्याचं पार वेगळं होतं. आमच्याकडे थंडी म्हणजे शेंगोळे. यात सूप, कडधान्य, धान्य सगळं आलं, आणि चमच्यानेही खाता येतं.

दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं. लसूण, हिरवी मिरची, जिरं खलबत्त्यात कुटून, हळद, मीठ, आणि घट्ट मळायचं. सैल झालं तर उकळीत विरघळतं. हाताला तेल लावून पोळपाटावर करंगळीपेक्षा बारीक वळ्या करायच्या आणि टोकं जोडून कडी करायची. पातेल्यात तेल, मोहरी, भरपूर लसूण, तिखट, सहा-सात वाट्या पाणी, मूठभर शेंगदाण्याचं कूट. पाणी खळाळलं की एकेक शेंगोळं सोडायचं. एकदम सगळी टाकलीत तर गोळा होतो. पाच मिनिटं डाव लावायचा नाही, मग हलक्या हाताने. २०-२५ मिनिटांत शेंगोळी आतपर्यंत शिजतात आणि त्यांच्याच पिठाने रस्सा दाटतो. कमी वाटला तर चमचाभर पीठ पाण्यात कालवून लावायचं.

हुलग्याला टोमॅटो नको, चिंच नको, गरम मसाला तर नकोच. लसूण मात्र मोजू नये.

माडगं हे त्याहून सोपं. हुलगे खरपूस भाजून जाडसर दळून ठेवायचे. उकळत्या पाण्यात मीठ, ठेचलेला लसूण, पाण्यात कालवलेलं पीठ, आणि सारखं ढवळत राहायचं. काही घरांत गुळाचा खडा घालतात. कवळीवाल्यांना माडगं उत्तम.

हर्बलप्रेमी | मंगळवार, दुपारी ३:०५

हुलग्याने मुतखडा विरघळतो, हे पण लिहा. सर्दी, कफ, वजन, मधुमेह सगळ्यावर रामबाण!

डबल बी | मंगळवार, दुपारी ३:३०

मुतखडा असलेल्याने डॉक्टरकडे जावं आणि हुलगे चवीसाठी खावेत. उलट मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर कडधान्यांतलं पोटॅशियम जड जाऊ शकतं, म्हणून विचारूनच. धाग्यावर औषधं नकोत, विनंती. चांगलं चाललंय.

येळवसकर | मंगळवार, रात्री ८:२५

लातूरकडचा माणूस हाय, राहावलं नाही. तुमाला कडधान्य, भाज्या आन धान्य एका जागी पायजे ना? मग येळवस बघा! मार्गशीर्ष अमावस्येला आमच्या भागात गावं ओस पडतेत, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हंजे खोपी करून पांडवांची पूजा, आन मग जेवण : भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे म्हंजे उकडलेले गोळे, खीर.

आता भज्जी म्हणल्यावर पुण्याची माणसं कांदाभजी समजतेत. तशी नव्हं. ही पातळसर, दाटसर, आंबटगोड भाजी. त्या टायमाला शेतात जे जे हिरवं हाय ते सगळं तीत पडतं : तुरीचे वले दाणे, वाटाणा, सोलाणे, वालाच्या शेंगा, भुईमुगाचे दाणे, गाजर, वांगं, मेथी, पालक, कांद्याची पात. आमच्या घरी दाणे आधी शिजवून घेतेत, मग भाज्या, मग पालेभाजी. चिंचेचं पाणी आन बेसन कालवून शेवटी लावतेत. बेसन लावल्यावर हात थांबवायचा नाही, नायतर गुठळ्या. लसणाची फोडणी. मोठ्या पातेल्यात दिवसभर निखाऱ्यावर ऱ्हाती, सांजंला अजून चव येती.

संगं आंबील : ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबवायचं, शिजवायचं, गार करून मडक्यात. बाजरीचा उंडा भज्जीत कुस्करायचा आन वरून आंबील. थंडीत आंबील गार का, हे विचारू नका. आजपतूर कुणी विचारलं नाही.

येळवस तोंडावर आली बगा. कुणी यायचं असंल तर या, रानात वाटसरूला बी जेवू घालतेत.

मुद्द्याचं बोला | मंगळवार, रात्री ९:००

माझे शब्द मागे. भज्जी ही आमटी नाही. सूपही नाही. भज्जी आहे.

(पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.)

संक्रांत | मंगळवार, रात्री ९:२२

आमची भोगीची भाजी याच घराण्यातली. हरभरा, पावटा, वाटाणा, गाजर, वांगी, बोरं, उसाचे करवे, तिळाचं कूट. फक्त ती अंगाबरोबर रसाची असते आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. गेल्या वर्षी उरलेल्या भोगीच्या भाजीत दोन वाट्या गरम पाणी आणि मूठभर मुगाची खिचडी घालून रात्री उकळली, तर घरात कुणाला ती उरलेली आहे हे कळलंच नाही. बोरांच्या बिया आधी काढा, सासऱ्यांच्या कवळीची शपथ.

द्राक्षवेल | बुधवार, सकाळी ११:४८

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! शेंगोळे आमच्याकडेही करतात, पण सूप शोधताना ते डोळ्यांसमोर आलेच नाहीत. मामंजींना धागा वाचून दाखवला. येळवसकरांची भज्जी दोनदा वाचायला लावली.

एक शंका राहिली, धान्याची. बार्लीचा लगदा का झाला? आणि बार्ली म्हणजेच सातू ना?

शंकेखोर | बुधवार, दुपारी १२:१५

आमच्याकडे सातू म्हणजे भाजलेले गहू आणि डाळं दळून केलेलं पीठ. गूळ-दुधात कालवून खातात. त्याचं सूप केलंत तर खळ होईल.

डबल बी | बुधवार, दुपारी १२:५०

दोघंही बरोबर. सातू हे जवाचंही नाव आहे आणि त्या पिठाचंही. दुकानात "जव" मागितले तर कधी सालासकट पूजेचे मिळतात, ते सुपात कुसळासारखे टोचतात. "बार्ली" म्हणून मिळते ती पॉलिश केलेली, पांढरी, मधे रेघ असलेली. तुम्ही आणलीत ती हीच असणार.

बार्लीत बीटा-ग्लुकन नावाचा तंतू भरपूर असतो. तो पाणी धरून चिकट दाटपणा आणतो, सुपाला अंगही त्यानेच येतं. पण बार्ली पाणी पीत राहते, गॅस बंद केल्यावरसुद्धा. चार माणसांच्या सुपाला पाव वाटी पुरे, तुम्ही अर्धी घातलीत. शक्य तर वेगळी शिजवा आणि वाढताना वाडग्यात चमचा-दोन चमचे घालून वरून सूप ओता. उरलेलं सूप आणि उरलेली बार्ली फ्रीजमध्येही वेगळी. गव्हाचं ग्लुटेन ज्यांना चालत नाही त्यांना बार्लीही चालत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आजोळ जुन्नर | बुधवार, दुपारी १:३०

बार्ली आणायला शहरात कशाला जाता? ज्वारीच्या कण्या घाला. जाडसर भरडून, चाळून पीठ काढून टाकायचं, कण्या तासभर भिजवायच्या. बारीक आचेवर २०-२५ मिनिटांत मऊ होतात. बाजरीही चालते, पण ती आधी पाण्याचा हात लावून उखळात हलकी कांडून कोंडा पाखडायचा, खिचड्याला करतो तशी. आणि बाजरी घरात दळून साठवू नका, पीठ महिन्याभरात कडू होतं.

उत्तरध्रुव | गुरुवार, दुपारी ४:१०

स्वीडनहून लिहितोय, इथे आत्ता सकाळ आहे. आज गुरुवार, म्हणजे ऑफिसच्या कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप! गंमत नाही, इथे गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप आणि त्यावर जॅम लावलेले पातळ पॅनकेक हा ठरलेला बेत आहे. कारण असं सांगतात की जुन्या कॅथलिक काळात शुक्रवारी उपास, म्हणून गुरुवारी पोटभर. उपास गेले, सूप राहिलं. फिनलंडमध्येही गुरुवारच. १५७७ साली वारलेल्या एरिक चौदाव्या या स्वीडिश राजाला याच सुपातून विष दिलं अशी आख्यायिका आहे, आणि १९५८ मध्ये थडगं उघडून तपासलं तेव्हा अवशेषांत आर्सेनिक सापडलंही. तरी लोक दर गुरुवारी निर्धास्त खातात.

मूळ पाकृत डुकराचं मांस असतं. मी शाकाहारी करतो. रात्रभर भिजवलेला पिवळा वाटाणा (आपला रगड्याचा पांढरा चालेल), दोन कांदे, एक गाजर, तमालपत्र. कुकरला लावून निम्मा वाटाणा रवीने घोटायचा, निम्मा अख्खा. कॉर्नफ्लोअरची गरजच नाही. थाईम आणि मार्जोरम हा सुवासिक पाला घालतात. खाताना ताटाच्या कडेला मोहरीची चटणी, चमच्याच्या टोकाने थोडी थोडी मिसळत खायची.

थाईम नसेल तर? इथे आल्यावर पहिल्याच वर्षी वास घेऊन मला ओव्याची आठवण झाली. नंतर कळलं, दोन्हींत थायमॉल हेच तेल आहे. तेव्हा नाशिककरांनी पाव चमचा ओवा चोळून तुपाच्या फोडणीत टाकावा. वाटाण्याच्या वायूलाही बंदोबस्त होतो.

अवांतर : डच लोक म्हणतात, वाटाण्याच्या सुपात चमचा उभा राहिला पाहिजे. द्राक्षवेल ताई, तुमचं दुसऱ्या दिवशीचं सूप तिथे पहिलं आलं असतं.

कुकरची शिट्टी | गुरुवार, संध्याकाळी ६:४५

ओवा! हे भारी आहे. वाचनखूण साठवली.

वायूवरून : भिजवलेलं पाणी टाकल्याने पोटफुगीला कारण असलेल्या काही शर्करा जातात, सगळ्या नाही. मोड आणले तर आणखी कमी होतात. नेपाळात श्रावणी पौर्णिमेला नऊ मोड आलेल्या कडधान्यांची क्वाँटी करतात, ती मी एकदा एका नेपाळी मैत्रिणीकडे खाल्ली. ज्वानोची फोडणी होती, म्हणजे ओवाच. जगभर सगळ्यांची पोटं सारखीच दिसतात.

आणि मीठ. "मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही" हे मीही वर्षानुवर्षं मानत होते. उलट आहे. भिजवतानाच लिटरभर पाण्यात सपाट मोठा चमचा मीठ घाला. सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. सकाळी ते पाणी फेका, नंतरचं मीठ बेताने. अगदीच हट्टी कडधान्य असेल तर भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा, पण चिमूटभरच. जास्त झाला तर साबणासारखी चव येते, शिवाय ब-१ जीवनसत्त्व जातं.

नवशिका स्वयंपाकी | गुरुवार, रात्री ११:५८

हॉस्टेलला राहतो. इंडक्शन, एक पातेलं, कुकर नाही. माझ्यासाठी काही?

डबल बी | शुक्रवार, सकाळी ७:३०

मसूर डाळ, भावा. भिजवायला नको, २० मिनिटांत गळते. कांदा, लसूण, जिरं परत, एक गाजर, मूठभर मसूर, दोन चमचे दलिया, पाणी. शिजलं की टोमॅटो, शेवटी लिंबू. तुर्कस्तानात मसुराचं सूप कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं, वरून लोण्यात लाल तिखट तापवून सोडतात. तुझ्याकडे मेसमधून ढापलेली अमूलची वडी असेलच.

उत्तरध्रुव | शुक्रवार, दुपारी १:२०

शाकाहारी लोकांनी एक सांभाळा. इटालियन मिनेस्त्रोनेच्या पाकृंत "पार्मेजान चीजची साल सुपात टाका" असं असतं. चव खरंच येते, पण अस्सल पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, असतं. मी त्याऐवजी कांदा आणि सुक्या खोबऱ्याचा तुकडा थेट जाळावर काळपट भाजून, वाटून घालतो. इटालियन माणसाला सांगू नका.

द्राक्षवेल | रविवार, रात्री ८:५०

अहवाल सादर करते.

बाजारातून नवा पांढरा वाटाणा आणला, मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवला, फिल्टरच्या पाण्यात कुकरला लावला. चिमटीत धरला की लोणी! निम्मा घोटला. दुसरीकडे तूप, ओवा, लसूण, कांदा, मग गाजर, लाल भोपळा, कोबीचा दांडा बारीक चिरून, तुरीचे ओले दाणे. भाज्या शिजल्यावर वाटाणा आणि वेगळ्या शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या. टोमॅटो एकच, शेवटच्या पाच मिनिटांत. मूठभर मेथी बंद करताना. भाजलेलं कांदा-खोबरंही घातलं, इटालियनाला कळवलं नाही.

मामंजींनी पहिला चमचा घेतला, काही बोलले नाहीत. दुसरा घेतला. मग सासूबाईंना म्हणाले, "ती सकाळची भाकरी आहे का गं?" आख्खी भाकरी वाडग्यात कुस्करली, पाच मिनिटं भिजू दिली आणि दोन वाडगी खाल्ली. महिन्याभरात पहिल्यांदा भाकरी पोटात गेली त्यांच्या.

मी विचारलं, "मग, सूप की आमटी?"

म्हणाले, "काला आहे. उद्या माडगं कर."

कोकणी हिसका | रविवार, रात्री ९:०५

कळण राहिलं हां! नंबर लावून ठेवा.

उत्तरध्रुव | रविवार, रात्री ९:१५

शिळी भाकरी कुस्करणं म्हणजे तर इटलीच्या टस्कनीतलं रिबोलिता सूप. शिळा पाव, पांढरे घेवडे, पालेभाजी, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलेलं. मामंजींना माझा दंडवत.

येळवसकर | रविवार, रात्री ९:३०

कुस्कारल्याबिगर जेवण नव्हंच बगा. फोटू टाका की.

संक्रांत | रविवार, रात्री ९:४१

आणि त्या फ्रीजमधल्या राजम्याचं शेवटी काय केलंत?

द्राक्षवेल | रविवार, रात्री ९:५६

सोडा घालून परत ६ शिट्ट्या दिल्या. तसाच. शेवटी कुंडीत पुरला. उगवला तर कळवते.

शंकेखोर | रविवार, रात्री १०:०२

शिजवलेलं बी उगवत नाही.

द्राक्षवेल | रविवार, रात्री १०:०४

तो शिजला होता असं कोण म्हणालं?